‘एका दिवसात अठ्ठेचाळीस हजार कोटी’ कुणीच कमावले नव्हते

नागभीडच्या अभ्यासिकांत, कॉलेजच्या मार्गदर्शन शिबिरांत, बचत गटांच्या मेळाव्यांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणाऱ्या ‘नायका’वाल्या फाल्गुनी नायर यांनी पन्नाशीत शून्यातून धंदा उभा केला आणि एका दिवसात अठ्ठेचाळीस हजार कोटी कमावले! मग पुढचा प्रश्न येतो: त्यांना जमलं, तुम्हाला का नाही जमणार? टाळ्या पडतात. समोर बसलेली पोरं आणि बाया मात्र घरी जाताना मनात एकच हिशोब घेऊन जातात, की आपल्यालाच अक्कल कमी. मला याचा राग येतो. नायर यांचं काम खरोखर मोठं आहे. पण ज्या रूपात ते सांगितलं जातं त्यात ‘कमावले’ हा शब्द चूक, ‘एका दिवसात’ चूक आणि ‘शून्यातून’ तर साफ चूक.

आधी त्या दिवसाबद्दल. १० नोव्हेंबर २०२१ रोजी नायकाची मूळ कंपनी, एफएसएन ई-कॉमर्स व्हेंचर्स, शेअर बाजारात दाखल झाली. लोकांना शेअर १,१२५ रुपयांना दिला होता. पहिल्याच सकाळी तो दोन हजारांवर उघडला आणि संध्याकाळी २,२०० च्या आसपास बंद झाला. कंपनीची बाजारातली किंमत एक लाख कोटी रुपयांच्या वर गेली. नायर कुटुंबाकडे कंपनीचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा होता. त्यातला नायर यांचा धरलेला वाटा त्या दिवशीच्या भावाने गुणून ब्लूमबर्गने नायर यांची संपत्ती साडेसहा अब्ज डॉलर मांडली. तेव्हाच्या दराने रुपयांत तेच अठ्ठेचाळीस हजार कोटी. म्हणजे हा आकडा गुणाकाराचा आहे. त्या दिवशी एवढी रक्कम कुणी दिली नाही आणि कुणाच्या खात्यात ती जमाही झाली नाही.

मग खरे पैसे किती आले? हे कंपनीच्या माहितीपत्रकातच आहे, शोधायला कुठे लांब जावं लागत नाही. संपूर्ण विक्री सुमारे ५,३५२ कोटींची होती. त्यातले ६३० कोटी नव्या शेअरचे, ते कंपनीकडे गेले. उरलेले सुमारे ४,७२२ कोटी आपले जुने शेअर विकणाऱ्यांना मिळाले आणि त्यांत बहुतेक बाहेरचे गुंतवणूकदार होते. नायर कुटुंबाकडून विक्रीला होते ते संजय नायर फॅमिली ट्रस्टचे ४८ लाख शेअर. ४८ लाख गुणिले १,१२५ म्हणजे ५४० कोटी. ही रक्कमही प्रचंड आहे, पण अठ्ठेचाळीस हजार कोटींच्या सव्वा टक्काही नाही. बाकीचा हिस्सा कुटुंबाने विकला नाही. आणि मनात आलं असतं तरी सगळा लगेच विकता आला नसता, कारण प्रवर्तकांच्या शेअरवर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने ठरावीक मुदतीची बंदी असते.

ब्रह्मपुरी रोडला तुमची पाच एकर बांधी आहे असं समजा. शेजारच्याने रस्त्याला लागून दोन गुंठे चढ्या भावाने विकले. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा, की तुम्ही करोडपती झालात. जमीन तीच, पीक तेच, बँकेचं कर्जही तेच. भाव खोटा नाही, पण तो दोन गुंठ्यांच्या सौद्याचा भाव आहे. पाचही एकर एकदम विकायला काढले तर तो टिकणारच नाही. शेअरचंही तसंच आहे. बाजारात थोड्याशा शेअरची देवघेव होते आणि त्या भावाने सगळ्या शेअरची किंमत मांडली जाते.

एवढं सांगूनही कुणी म्हणतं, ‘अहो, पण भाव वाढला तो धंद्याच्या जोरावरच ना?’ काही अंशी हो. पण पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. नायकाची विक्री आर्थिक वर्ष २०२०-२१ मध्ये सुमारे २,४४१ कोटी होती, पुढच्या वर्षी ३,७७४ कोटी झाली आणि २०२२-२३ मध्ये ५,१४४ कोटी. दोन वर्षांत दुपटीहून जास्त. याच काळात शेअर मात्र घसरत गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने एका शेअरमागे पाच बोनस शेअर दिले, त्यामुळे १,१२५ ची मूळ किंमत हिशोबाने १८७ रुपये ५० पैसे झाली. २०२३ मध्ये शेअर दीडशेच्याही खाली गेला. म्हणजे पहिल्या दिवशीच्या निम्म्याहून कमी. फोर्ब्सच्या २०२२ च्या भारतीय यादीत नायर यांची संपत्ती सुमारे चार अब्ज डॉलर दाखवली होती. दुकान वाढत होतं आणि मालकिणीची ‘संपत्ती’ कमी होत होती. विक्री, नफा आणि संपत्ती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला कळलं नाही, त्याने या विषयावर पोरांना भाषण देऊ नये. बाजारात येण्याआधीच्या वर्षी नायकाचा नफा सुमारे ६२ कोटी होता. एक लाख कोटींना ६२ ने भागा. लोक १,६०० वर्षांच्या नफ्याएवढा भाव देत होते. तो भाव उद्याच्या अपेक्षेचा होता, आणि अपेक्षा बदलली की भावही बदलतो.

मग नायर यांचं खरं कौशल्य कशात? माझ्या मते हिस्सा राखण्यात. फ्लिपकार्ट नायकाहून कितीतरी मोठी कंपनी. २०१८ मध्ये वॉलमार्टने तिचा ७७ टक्के हिस्सा सोळा अब्ज डॉलरला घेतला. संस्थापक सचिन बन्सल यांच्याकडे तोवर पाच टक्क्यांच्या थोडाच वर हिस्सा उरला होता. तो विकून त्यांना सुमारे एक अब्ज डॉलर मिळाले, आणि ते खरे, रोख. प्रत्येक वेळी नवं भांडवल घेताना संस्थापकाचा वाटा कमी होत जातो. नायर कुटुंबाने निम्म्याहून जास्त वाटा हातात ठेवला. हे शक्य झालं कारण सुरुवातीचं भांडवल त्यांनी स्वतःच्या बचतीतून घातलं होतं.

इथेच ‘शून्यातून’ची गोष्ट कोसळते. फाल्गुनी नायर सिडनहॅम कॉलेजच्या आणि अहमदाबादच्या आयआयएमच्या पदवीधर. कोटक महिंद्रमध्ये त्यांनी सुमारे एकोणीस वर्षं काढली आणि तिथल्या गुंतवणूक बँकेच्या त्या प्रमुख होत्या. इतरांच्या कंपन्या बाजारात आणणं हे त्यांचं रोजचं काम होतं. पती संजय नायर सिटी बँकेत आणि नंतर केकेआर या गुंतवणूक कंपनीच्या भारतातल्या कारभाराचे प्रमुख. २०१२ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी नायका सुरू केली ती एवढा अनुभव, एवढ्या ओळखी आणि एवढी शिल्लक घेऊन. यात त्यांचं काहीही कमी होत नाही. उलट अशी भरभक्कम नोकरी सोडणं अवघडच. पण याला शून्य म्हणायचं आणि तेंदूपत्त्याच्या हंगामावर वर्षाचा खर्च भागवणाऱ्या घरातल्या मुलीला ‘तूही कर’ म्हणायचं, हा तिच्यावर अन्याय आहे. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांचं गॅरेजही असंच सांगितलं जातं. ते आधी न्यूयॉर्कमधल्या बड्या गुंतवणूक संस्थेत उपाध्यक्ष होते आणि १९९५ मध्ये त्यांच्या आईवडिलांनी कंपनीत सुमारे अडीच लाख डॉलर घातले होते, हे सांगायचं राहून जातं.

आणखी एक समज याच्या जोडीने येतो: फोर्ब्समध्ये नाव आलं म्हणजे माणूस श्रीमंत. निदान नागभीड तालुक्यात तरी हे कुणी बोलू नये. आपल्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचं नाव फोर्ब्सने २०१० मध्ये भारतातल्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घातलं होतं. जेमतेम दीड एकराचे धनी. १९८३ मध्ये धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून पेरल्या आणि त्यातून एचएमटी हा बारीक तांदूळ उभा राहिला. पुढे आणखी कितीतरी वाण त्यांनी काढले. त्यांचं बियाणं घेऊन अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला. एचएमटी आज अनेक राज्यांत पिकतो. बियाणेवाले, गिरणीवाले, व्यापारी, सगळ्यांनी त्यावर पैसा केला. दादाजींच्या वाट्याला पुरस्कार आले, पण विकल्या गेलेल्या पोत्यांतला हिस्सा आला नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्रामच्या रुग्णालयात ते गेले, तेव्हा त्यांच्या उपचारासाठी मदत गोळा करावी लागत होती. बुद्धी, चिकाटी, जोखीम यांत ते कुणापेक्षाही उणे नव्हते. नायर यांच्याकडे कंपनीच्या मालकीचा कागद होता, एचएमटी पसरत होता तेव्हा दादाजींकडे त्याचा तसा कागद नव्हता. मार्गदर्शन शिबिरात शिकवायचंच असेल तर हे शिकवा: हिस्सा कसा लिहून घ्यायचा, नोंदणी कशी करायची, करार कसा वाचायचा.

बाकीचे समज थोडक्यात.

ऑनलाइन धंद्याला माल भरावा लागत नाही, म्हणतात. नायका सौंदर्यप्रसाधनांचा बराचसा माल स्वतः विकत घेऊन गोदामात ठेवते. बनावट माल टाळण्यासाठी हाच रस्ता तिने निवडला आणि त्यात भांडवल अडकून पडतं.

ऑनलाइन म्हणजे दुकान नको, असंही म्हणतात. बाजारात येताना नायकाची ८० दुकानं होती, आता दोनशेच्या वर आहेत.

बोनस शेअर म्हणजे फुकटचे पैसे नव्हेत. शेअर सहापट झाले की भाव तेवढाच खाली येतो.

नायका परदेशी कंपनी आहे हेही खरं नाही. परकीय मालकीच्या ई-कॉमर्स कंपनीला स्वतःचा साठा करून थेट ग्राहकाला विकायची आपल्याकडे परवानगी नाही. नायकाला तसं करता येतं ते भारतीय मालकीमुळेच.

आणि बचत गटांच्या बैठकीत नेहमी ऐकू येणारा समज: जीएसटी नंबर नसेल तर ऑनलाइन काहीच विकता येत नाही. दुसऱ्यांच्या ऑनलाइन बाजारात माल विकण्यापुरतं हे पूर्वी खरं होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदलला आहे. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री फक्त महाराष्ट्रात असेल, तर जीएसटी नोंदणीशिवायही मीशोसारख्या ऑनलाइन बाजारात माल विकता येतो. त्यासाठी पॅन देऊन जीएसटीच्या पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. मोहाचे लाडू नागपूरला, पुण्याला पाठवता येतील. रायपूरला पाठवायचे तर मात्र या वाटेने चालणार नाही, कारण छत्तीसगड दुसरं राज्य आहे. आणि खाण्याची वस्तू असल्यामुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी पहिल्या डब्यापासूनच लागते.