उशिरां येणाऱ्या विद्यार्थ्यांचीं कॉलेजें

अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांतील जोलिएट येथें १९०१ सालीं, एका हायस्कुलाच्या आश्रयानें, अवघ्या सहा विद्यार्थ्यांचें दोन वर्षांचें कॉलेज निघालें. आज त्या देशांत अशीं सुमारें एक हजार ‘कम्युनिटी कॉलेजें’ आहेत. घराजवळ, थोड्या फींत, नोकरी व संसार सांभाळून शिकतां यावें, हा त्यांचा हेतु. परंतु यंत्रें आतां धंदेच पालटीत आहेत. एकदां शिकलेलें जन्मभर पुरत नाहीं. म्हणून आमच्या मतें या कॉलेजांनीं वेळापत्रक विद्यार्थ्यांच्या सोयीनें आंखावें, थोड्या महिन्यांचे अभ्यासक्रम काढावे व ते पुढें पदवींत जमा धरावे. चाळिशींतला कामगार किंवा लेंकुरवाळी माता दाराशीं आली, तर ‘उशीर झाला’ असें कोणीं म्हणूं नये. आपल्या घरींहि शिक्षण अर्धवट राहिलेली एखादी सून असेलच. वाचकहो, तिला काय सांगाल?