निकाल पाहिजे!

हलगीचा ठेका बदलतो आणि पांगलेली माणसं मैदानाकडे सरकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावाची जत्रा. सकाळी पालखी झाली, दुपारी नैवेद्य झाले. आता उन्हं कलल्यावर कुस्त्या. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात हौद्याभोवती उतरती बैठक आहे, कुठूनही कुस्ती दिसते. इथे सपाट रान, म्हणून मागचे लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलेत. बायका शाळेच्या गच्चीवर. मुलींच्या कुस्त्या आता बऱ्याच मैदानांत लागतात. इथे आज एकही नाही, आणि ते मला खुपतं.

आधी पोरांच्या कुस्त्या. एक वस्ताद दोन पोरांना खांद्याला खांदा लावून उभं करतो, दंड चाचपतो. “ह्याला ह्यो चालंल.” जोड ठरली. बालीतल्या कोंबड्यांच्या झुंजींवर मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७२ साली लिहिलं, की झुंज जितकी तोलामोलाची, तितके लोक तिच्यात खोल गुंततात. वस्तादाची बोटं तोच तोल शोधताहेत. पाठ लागलेला पोरगा रडायला लागतो, तसा पंच त्याच्याही मुठीत रेवड्या कोंबतो. जिंकलेल्याला वर दहाची नोट.

मग शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती. सलामी होते. दोघं एकमेकांच्या अंगावर माती टाकतात आणि खडाखडी सुरू होते. मी अगदी कडेला बसलोय. कपाळाला कपाळ भिडलेलं, एकाचा पंजा दुसऱ्याच्या मानेवर, पायाचे अंगठे मातीत रुतलेले. ताक, तेल आणि हळद मुरलेल्या मातीचा आंबूस वास येतोय. एक जण पट काढायला झेपावतो. दुसरा पाय मागे टाकून त्याच्या पाठीवर बसतो, घिस्सा ओढायला बघतो. खालचा हलत नाही. मधूनच निवेदक मुंबईकर मंडळींनी लावलेलं इनाम पुकारतो, रकमेसकट.

वीस मिनिटं होतात. फेटे बांधलेले पंच आत येतात आणि दोघांचे हात वर धरतात. बरोबरीत सोडवायची.

“निकाल पाहिजे!”

मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ साली खेळ आणि विधी यांच्यात फरक केला. खेळात दोन्ही बाजू सारख्या असतात आणि शेवटी जिंकलेला-हरलेला अशी फूट पडते. विधी आधीच वेगळे असलेल्यांना जोडतो. न्यू गिनीतले गहुकु-गामा लोक फुटबॉल शिकले, पण दोन्ही बाजूंचे विजय सारखे होईपर्यंत कित्येक दिवस सामने खेळत राहायचे. त्यांनी खेळाचाच विधी केला. इथे पंचांना विधी हवाय आणि गर्दीला खेळ, असं क्षणभर वाटतं. पण ओरडणारे बघा: दोन्ही मल्लांच्या गावची माणसं उठलीत, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून एकच मागणी करताहेत. आपल्यात फूट पाडा, हे ती एका आवाजात सांगताहेत. त्या आवाजात मीही आहे.

पंच आपसात बोलतात. पाच मिनिटं वाढवली. गुणांवर, जो आधी गुण घेईल त्याची कुस्ती. गुणांची वेळच येत नाही. निळ्या लांगेचा मल्ल मान धरतो, कंबर आत घालतो आणि ढाक लावतो. समोरच्याची पाठ मातीला लागते. हलगीवाले धावतच आत शिरतात, विजेता खांद्यावर चढतो, नोटा धरलेले हात पुढे होतात.

हरलेल्याचा वस्ताद तिकडे बघतही नाही. तो सरळ कमिटीच्या टेबलापाशी जातो.

“म्होरल्या जत्रंला हीच जोड लावायची. आत्ताच लिवून घ्या.”

निळ्या लांगेच्या गावचे दोघे तिथेच उभे आहेत. तेही म्हणतात, “लिवा, लिवा. आमची ना न्हाई.” वही उघडते. इनाम किती ठेवायचं यावरून तिघांत घासाघीस सुरू होते.