तिचे म्हणणे ऐका, तिची मजुरी तिच्या हातात द्या



दसरा जवळ आला की सोयाबीन सोंगणीला येते आणि आपल्या वऱ्हाडात मजुरांची ओढाताण सुरू होते. ते काम उरकते न उरकते तोच कापूस फुटतो. अशा वेळी धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू कुटुंबे मेळघाट उतरून खाली येतात. परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, अकोट या भागांत त्यांचे जथे आपण नेहमी पाहतो. होळीच्या सणाला ती आपल्या गावी परततात. तोपर्यंत आपला माल वावरातून घरात येतो, तो बऱ्याच अंशी त्यांच्या कष्टाने.

या जथ्यांत बायका पुष्कळ असतात. परंतु आपला व्यवहार होतो तो ठेकेदाराशी, नाहीतर तिच्या घरधन्याशी. ज्या बाईच्या ओटीत आपला कापूस गोळा होतो, तिच्याशी आपण क्वचितच बोलतो.

विस्ताराच्या कामात मी अनेक बांधांवर सभा घेतल्या. अकोट तालुक्यातील एका गावी गुलाबी बोंडअळीची माहिती सांगून झाल्यावर, बाजूला बसलेल्या वेचणीवाल्या बायांना मी विचारले, "तुम्हाला काही सांगायचे आहे काय?" प्रथम कोणी बोलेना. मग एक वयस्क बाई म्हणाली, "सायेब, कापूस मी येचतो, काट्यापाशी नवरा उभा राह्यते. पैसे त्याच्याच हाती देतेत. माह्ये किती किलो झाले, हे मले कोनीच सांगत नाही." तिचे ऐकून दुसरीला धीर आला. ती म्हणाली, "माहं लेकरू गावी अंगणवाडीत जाये, इकडं दिवसभर धुऱ्यावर बसून राह्यते."

वावराचे मालक भले गृहस्थ होते. ही टोळी त्यांच्याकडे पाच वर्षांपासून येत होती, तरी यातले काही त्यांच्या कानावर आले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते काट्यावर प्रत्येक बाईचे नाव आणि वजन मोठ्याने वाचून वहीत मांडू लागले. पुढच्या हंगामात तीच टोळी त्यांच्याकडे आपणहून आली.

सांगण्यात बळ आहे

बाईने स्वतःची हकिकत सांगितली तर त्याने काय होते, असे कोणी विचारील. बीड जिल्ह्याचे उदाहरण पाहा. तेथील ऊसतोडणी कामगार बायांनी गर्भाशय काढल्याच्या हकिकती सांगितल्या. तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. खाडा झाला की दंड पडतो. दुखणे अंगावर काढायचे, नाहीतर पिशवीच काढून टाकायची, असे चालले होते. २०१९ साली हे वर्तमानपत्रांत आले. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य शासनाला विचारणा केली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायांची पाहणी झाली आणि त्यांत १३ हजारांहून अधिक बायांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन बीड जिल्ह्यात आले. त्या बाया गप्प राहिल्या असत्या तर ही मोजदाद कोणी केली असती?

तिचे हक्क कोणते?

एकाच कामाला बाई आणि पुरुष यांना सारखी मजुरी, हा नियम १९७६ च्या समान वेतन कायद्याने केला. २०१९ च्या वेतन संहितेतही तो कायम ठेवला आहे.

रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला परगावच्या रास्त भाव दुकानातूनही धान्य उचलता येते. अंगठा उमटला की काम होते.

गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुले गाव सोडून गेली तरी त्यांना पोषण आहार व लसी मिळाव्यात, यासाठी महिला व बालविकास विभागाने २०२१ साली अमरावतीसह काही जिल्ह्यांत स्थलांतराची नोंद ठेवण्यास सुरुवात केली.

कामाच्या ठिकाणी कोणी अंगचटीला आले, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. शेतमजूर बाईलाही हा कायदा लागू आहे. तिला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घेण्यास समितीने मदत करावी, असे कायद्यातच म्हटले आहे.

आपण काय करावे?

१. वहीत प्रत्येक बाईचे नाव वेगळे लिहा. वजन तिच्यासमोर करून तिला सांगा.

२. मजुरी तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात द्या. सोंगणी एकरी ठेक्याने दिली असेल, तर बायांचा वाटा किती हे त्यांच्यादेखत ठरवा.

३. टोळी आली की अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना त्याच दिवशी निरोप द्या.

४. उतरण्याच्या जागी पिण्याचे पाणी, दिवा आणि आडोसा असावा.

भगिनींनो, पाचवे काम तुमचे आहे. पुरुषांसमोर ती बोलणार नाही, पण तुमच्याजवळ बोलेल. सीतादहीच्या दिवशी वावरात दहीभात वाटताना तिच्याजवळ घडीभर बसा. कोठून आलीस, लेकरे किती, दुखते-खुपते काय, हे विचारा. ती सांगेल तेवढेच ऐका, खोदून विचारू नका. तिच्या परवानगीवाचून तिचे नाव चारचौघांत घेऊ नका, कारण उद्या तिला त्याच ठेकेदाराबरोबर परत जायचे असते. मदत हवी असे ती म्हणाली, तर मात्र तिच्यासोबत ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात जा.

नापिकीच्या वर्षी आपल्याही गावची घरे कुलूप लावून पुण्याला, सुरतेला कामाला जातात. तेथे आपल्या लेकीसुनांना जशी वागणूक मिळावी असे आपल्याला वाटते, तशीच आपल्या वावरात आलेल्या बाईला द्या. यंदाच्या वेचणीची वही उघडाल, तेव्हा पहिल्या पानावर तिचे नाव लिहून सुरुवात करा.