श्रीमती कॅथरिन ग्लॅडस्टन : एका मुत्सद्द्याची सहधर्मचारिणी

इतिहासाच्या अभ्यासात विल्यम ग्लॅडस्टन हे नाव विद्यार्थ्यांच्या वाचनात येते. १८६८ ते १८९४ या काळात हे गृहस्थ चार वेळा इंग्लंडचे पंतप्रधान झाले. १८९२ साली ज्या निवडणुकीत आपले दादाभाई नवरोजी ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले, त्याच निवडणुकीनंतर ग्लॅडस्टन चौथ्यांदा अधिकारावर आले. दोघेही लिबरल पक्षाचेच. ग्लॅडस्टन यांची भाषणे, त्यांचे कायदे, त्यांचे जय-पराजय यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या घरातून ते पार्लमेंटात जात आणि अपरात्री थकून जेथे परत येत, त्या घराची स्वामिनी कशी होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तोच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

कॅथरिन यांचा जन्म ६ जानेवारी १८१२ रोजी वेल्समधील हार्डन येथे, ग्लिन या जुन्या जमीनदार घराण्यात झाला. त्या तीन वर्षांच्या असताना वडील वारले. दोन भाऊ व मेरी नावाची बहीण यांच्या सहवासात त्या वाढल्या. २५ जुलै १८३९ रोजी या दोघी बहिणींची लग्ने, आपल्याकडील भाषेत सांगायचे तर, एकाच मांडवात लागली. मेरीचे पती लॉर्ड लिटल्टन, तर कॅथरिनचे पती ग्लॅडस्टन. ग्लिन मंडळींची एक गमतीची घरगुती बोली होती. साध्या इंग्रजी शब्दांना ते आपलेच अर्थ देत आणि परक्याला त्यांचा उलगडा होत नसे. लॉर्ड लिटल्टन यांनी १८५१ साली या बोलीचा एक छोटा कोशच छापून घेतला! घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना, घरच्या बोलीचा जिव्हाळा काय असतो हे वेगळे सांगायला नको.

विवाहानंतर लवकरच ग्लॅडस्टन यांनी पत्नीपुढे एक निवड ठेवली. राजकारणातील काहीच जाणून घ्यायचे नाही आणि त्याच्या जबाबदारीतून मोकळे राहायचे, हा एक मार्ग. सर्व काही जाणून घ्यायचे आणि त्याबद्दल कायम मौन पाळायचे, हा दुसरा. कॅथरिनबाईंनी दुसरा मार्ग पत्करला. मंत्रिमंडळातील गुपित कानी असताना रोज पन्नास माणसांशी हसून बोलणे आणि त्यातले अक्षरही ओठांबाहेर न पडू देणे, हे व्रत सोपे नव्हे. त्यांनी ते जवळजवळ साठ वर्षे सांभाळले.

आता त्यांच्या सामाजिक जीवनाकडे वळू. आपल्याकडे लग्नकार्य पार पडले की आहेराची वही जपून ठेवतात. कोणी काय दिले हे पाहून पुढे त्याची परतफेड करायची, हा रिवाज. त्या काळच्या लंडनमधील प्रतिष्ठितांतही अशीच एक न लिहिलेली वही होती. तिच्यात आहेरांऐवजी भेटी मांडल्या जात. एक बाई दुसरीच्या दारी जाऊन आपल्या नावाचे कार्ड ठेवी; दुसरीने ठरावीक मुदतीत ती भेट फेडलीच पाहिजे, नाही तर अपमान होई. मंत्र्याच्या पत्नीने तर पक्षातील सभासदांच्या बायकांना भेटावे, जेवणास बोलवावे आणि कोणाची मने दुखावणार नाहीत हे पाहावे, अशी अपेक्षा असे. कित्येक राजकीय बेत अशा जेवणांच्या मेजावरच शिजत.

या परीक्षेत कॅथरिनबाई नापास झाल्या, असेच म्हणावे लागेल. कार्डे हरवत, आलेल्या भेटी फेडायच्या राहून जात, पत्रे कागदाच्या कपट्यांवर लिहिली जात आणि तीही भलतीकडेच सापडत. नवरा कमालीचा टापटिपीचा, रोजच्या वेळेचा हिशोब रोजनिशीत मांडणारा; आणि बायको अशी! पक्षातील मंडळी यावर कुरकुरत, आणि ती कुरकुर अगदीच निराधार नव्हती.

मग या बाईंचा वेळ जाई कोठे? १८६६ साली लंडनच्या पूर्व भागात पटकीची साथ आली. पाच हजारांहून अधिक माणसे दगावली. या रोगाच्या भीतीने माणसे जवळच्यांपासूनही दूर पळत, हे आमच्या आजी-आजोबांच्या तोंडून अनेकांनी ऐकले असेल. अशा वेळी कॅथरिनबाई व्हाइटचॅपेलमधील लंडन हॉस्पिटलच्या पटकीच्या खोल्यांतून रोग्यांजवळ जाऊन बसत. आईबाप गमावलेली लहान मुले घोंगडीत गुंडाळून त्यांनी बाहेर आणली आणि त्यांच्या राहण्याची सोय केली. हार्डन येथे मुलांसाठी अनाथालय काढले. तिकडून उठलेल्या अशक्त रोग्यांना शक्ती भरून येईपर्यंत राहता यावे, म्हणून वुडफर्ड येथे विनामूल्य विश्रामगृह उभारले. दवाखान्यातून सुटलेला गरीब मनुष्य दुसऱ्याच दिवशी कामावर गेला तर पुन्हा अंथरूण धरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

त्याआधी १८६२ साली अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. याच कापूसटंचाईने आपल्या मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडून शेटसावकार रातोरात श्रीमंत होत होते. तिकडे लँकेशायरच्या कामगारांच्या चुली विझल्या होत्या. कॅथरिनबाईंनी तेथील बेकार मुलींना हार्डनला आणून घरकामाचे शिक्षण दिले आणि पोटाला लावले. लंडनच्या रस्त्यांवर अगतिक झालेल्या स्त्रियांना वाममार्गातून सोडवण्याचे काम ग्लॅडस्टन स्वतः करीत. त्यावरून लोक नाही नाही ते बोलत. परंतु त्या स्त्रियांना आपल्या घराचे दार उघडण्यास कॅथरिनबाई कचरल्या नाहीत.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. १८४७ च्या सुमारास ओक फार्म येथील विटा-लोखंडाचा कारखाना बुडाला आणि त्यापायी कॅथरिनबाईंच्या माहेरची हार्डनची इस्टेट कर्जात सापडली. ती वाचवण्यात ग्लॅडस्टन यांच्या पित्याकडून आलेल्या पैशाचा मोठा वाटा होता. हा पिता वेस्ट इंडीजकडील मळ्यांचा व शेकडो गुलामांचा मालक. गुलामगिरी बंद झाल्यावर त्याला सरकारकडून एक लाखाहून अधिक पौंड भरपाई मिळाली. ज्या वाड्यात अनाथांना आसरा मिळाला, त्याच्या भिंतींत दुसऱ्यांचा घाम मुरला होता. हे लपवून कोणाचेही चरित्र पुरे होत नाही.

घरातील सुखदुःखेही लहान नव्हती. त्यांना आठ मुले झाली. पैकी जेसी ही मुलगी १८५० साली, वयाच्या पाचव्या वर्षात, मेंदूच्या विकाराने गेली. १८५७ साली बहीण मेरी बारा मुले मागे ठेवून वारली. धाकटे मूल काही महिन्यांचे होते. त्या बाराही मुलांवर कॅथरिनबाईंनी आईची माया केली. त्यांतील ल्यूसी हिचे पती लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश यांना ग्लॅडस्टन यांनीच आयर्लंडच्या कारभारावर पाठवले, आणि ६ मे १८८२ रोजी डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये त्यांचा खून झाला. ती वार्ता आली त्याच रात्री मावशी भाचीजवळ जाऊन बसली. राजकारणाची किंमत घराला कशी द्यावी लागते, हे याहून स्पष्ट काय सांगावे?

पार्लमेंटात महत्त्वाचे भाषण असले की एका छोट्या भांड्यात अंडे व शेरी यांचे मिश्रण घालून त्या पतीच्या घशासाठी देत, आणि स्वतः स्त्रियांच्या गॅलरीत बसून ऐकत. त्या गॅलरीपुढे धातूची जड जाळी होती. देशाचा कारभार चालवणाऱ्याची पत्नी जाळीआडून डोकावे, आणि मत देण्याचा अधिकार तिला नव्हताच! १८८७ साली स्थापन झालेल्या लिबरल स्त्रियांच्या संघाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. तरी स्त्रियांच्या मताधिकाराला ग्लॅडस्टन यांनी १८९२ साली जाहीरपणे विरोधच केला. ती जाळी १९१७ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी तीस वर्षांवरील बऱ्याच स्त्रियांना मत मिळाले. कॅथरिनबाईंना ते दिवस दिसले नाहीत.

त्यांच्या मुलीही या घराला बांधलेल्या राहिल्या. मेरीने वडिलांच्या चिटणिसाचे काम केले. हेलन केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात उपप्राचार्य होती. वृद्ध आईबापांच्या सेवेसाठी तिने ते पद सोडले. थोरांच्या घरातील त्यागाची वाटणी सारखी नसते, आणि मुलींच्या वाट्याला तो अधिक येतो, हे आम्हांस येथेही दिसते.

१९ मे १८९८ रोजी ग्लॅडस्टन निवर्तले आणि १४ जून १९०० रोजी कॅथरिनबाईंनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबीत पतीशेजारीच त्यांना मूठमाती मिळाली.

विद्यार्थी मित्रांनो, कॅथरिनबाईंची टापटीप तुम्ही घेऊ नये, कारण ती त्यांच्यापाशी नव्हतीच! वह्या नीट ठेवा, पत्रांना वेळेवर उत्तरे द्या. परंतु जगाची अशीही एक वही असते, की जिच्यात परतफेड करू शकणाऱ्यांचीच नावे लिहिलेली असतात. ती वही बाजूला सारून, ज्यांच्याकडून कधीच काही परत यायचे नाही अशांच्या दारी ही बाई गेली. आपल्या घरीही आहेराच्या वहीत ज्यांचे नाव नाही, असे कोणी ना कोणी शेजारी असतातच. त्यांच्याकडे एकदा जाऊन यावे, इतकेच आमचे सांगणे आहे.