सेकंड इनिंग्ज, ब्लूज स्टाइल!

'ड्रायव्हिंग होम फॉर ख्रिसमस' हे गाणं तुम्ही नक्की ऐकलंय. डिसेंबरात मॉलमध्ये, कॉफी शॉपमध्ये, ऑफिसच्या पार्टीत... पण गाणारा कोण असं विचारलं, की आपण गप्प! मीही त्यातलीच. एका मित्राने क्रिस रिआच्या ब्लूजची सीडी कानाशी लावली तेव्हा मी उडालेच. आवाज तोच, घोगरा, पण माणूस वेगळाच. म्हटलं, काय प्रकरण आहे हे?

प्रकरण असं. साहेबांचा जन्म १९५१चा, इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोचा. वडील इटालियन, घरचा धंदा आइस्क्रीमचा. गिटार हातात आली तीच मुळी विशी उलटल्यावर. वेड लावलं ते चार्ली पॅटनसारख्या जुन्या ब्लूजवाल्यांनी. बोटात नळी घालून ती तारांवरून घसरवत वाजवायची स्लाइड गिटार, बस्स, तेच करायचं होतं त्याला.

पण नशिबाने दिलं भलतंच. १९७८च्या पहिल्याच अल्बममधलं 'फूल (इफ यू थिंक इट्स ओव्हर)' अमेरिकेत बाराव्या नंबरापर्यंत पोचलं, ग्रॅमीचं नॉमिनेशनही मिळालं. झालं, गुळगुळीत प्रेमगीतंवाला असा शिक्का बसला. पुढे 'द रोड टू हेल' (१९८९) आणि 'ओबर्ज' (१९९१) हे दोन अल्बम ब्रिटनमध्ये नंबर वन. पैसा, नाव, गाड्या, सगळं आलं. ब्लूज मात्र राहूनच गेला. ओळखीचं वाटतंय ना? चांगलं पॅकेज मिळतंय म्हणून आपणही कायकाय माळ्यावर टाकलेलं असतं!

मग स्वादुपिंडाचं दुखणं उपटलं. २००१मध्ये मोठं ऑपरेशन झालं, जगण्याची खात्री नव्हती. वाचलो तर ब्लूजच करायचा, असं त्याने तेव्हाच ठरवलं. वाचला. डायबेटिस कायमचा मागे लागला, पण पठ्ठ्याने शब्द पाळला. 'जॅझी ब्लू' हे स्वतःचं लेबल काढलं आणि २००२मध्ये 'डान्सिंग डाउन द स्टोनी रोड' आणला.

खरा धमाका २००५चा. 'ब्लू गिटार्स'! ११ सीडी, १३७ गाणी, सोबत त्याने स्वतः काढलेली चित्रं. आफ्रिकेपासून निघायचं आणि लुइझियाना, मेम्फिस, टेक्सास, शिकागो करत थेट आयरिश आणि लॅटिन ब्लूजपर्यंत जायचं. एका दमात ऐकायच्या भानगडीत पडू नका. एका वीकेंडला एक सीडी, हा माझा फंडा.

२०१६मध्ये स्ट्रोक आला. तरी पुढच्याच वर्षी नवा अल्बम घेऊन गडी टूरवर! २२ डिसेंबर २०२५ला तो गेला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. ख्रिसमसला तीनच दिवस होते.

सगळे याला 'नवा अवतार' म्हणतात. मला नाही पटत. पन्नाशीत तो नवीन काही झालाच नाही. विशीत जिथून निघाला होता तिथे परत गेला, इतकंच. फक्त त्यासाठी त्याला ऑपरेशन टेबलपर्यंत जावं लागलं. आपण त्याआधीच माळ्यावर एकदा नजर टाकायला काय हरकत आहे?