रस्ता माणसांचा कीं मोटारींचा ?

मोठ्या शहरांतील एखादा गजबजलेला रस्ता कचेरीच्या वेळीं पाहिला, तर तो वाहनांनीं भरलेला दिसतो. पण त्या वाहनांत माणसें किती असतात ? मोटारींत बहुधा एक किंवा दोन. तिच्यामागें अडकलेल्या बसगाडींत पन्नास-साठ. बसला जागा मात्र दोन-तीन मोटारींइतकीच लागते. वाट दोघींस सारखीच दिली, तर तें वरवर न्याय्य भासतें. परंतु खोळंब्याचा भार अधिक माणसांवर पडतो.

म्हणून रस्त्याचें माप वाहनांवरून नव्हे, तर माणसांवरून ठरवावें, असा विचार पुढें आला. भारत सरकारच्या २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेंही तो स्वीकारला. अमेरिकेंतील नगर-वाहतूक अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अंदाज असा, कीं रस्त्याच्या एका पट्टींतून खासगी मोटारींनीं तासाला ६०० ते १,६०० माणसें जातात. तीच पट्टी बसगाड्यांसाठीं राखून ठेविली, तर ४,००० ते ८,००० जाऊं शकतात.

न्यूयॉर्क शहरांत चौदाव्या रस्त्यावर ३ ऑक्टोबर २०१९ पासून याचा प्रयोग सुरू झाला. तेथें दिवसा बस व मालवाहू गाड्या सरळ जातात. खासगी मोटारीस उतारू सोडून पुढच्या वळणावर बाहेर पडावें लागतें. शेजारच्या गल्ल्या तुंबतील या भीतीनें रहिवासी न्यायालयांत गेले व अंमल कांहीं महिने लांबला. अंमल सुरू होतांच बसगाड्यांचा वेग वाढला आणि उतारूही वाढले.

आपल्याकडे या कामीं पुण्यानें पुढाकार घेतला. डिसेंबर २००६ मध्यें कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर बससाठीं निराळी वाट आंखण्यांत आली. परंतु या वाटेंत इतर वाहनें शिरूं लागलीं आणि मधोमध असलेल्या थांब्यांपर्यंत रस्ता ओलांडून जाणें उतारूंस धोक्याचें झालें. पुढें २०१५ सालीं संगमवाडी–विश्रांतवाडी मार्गावर थांब्याचा फलाट व गाडीचा तळ एका पातळींत आणून सुधारणा झाली. तरीही नगर रस्त्यावरील अशाच मार्गाचा कांहीं भाग २०२३ सालीं काढून टाकण्यांत आला.

यावरून बोध असा, कीं नुसती रेघ ओढून वाट राखली जात नाहीं. तिच्यावर पहारा हवा, थांब्यापर्यंत पायीं जाण्याची सुरक्षित सोय हवी, आणि मुख्य म्हणजे बस वरचेवर यावयास हवी. मोकळी पट्टी रिकामीच दिसली, तर शेजारीं खोळंबलेल्या मोटारवाल्याचा राग अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. दुकानांचा माल उतरविण्यास ठराविक वेळ आणि रुग्णवाहिकेस सदैव मुभा, हेंही आधींच ठरविलें पाहिजे.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांतून एस. टी. नें शहरांत आलेला मनुष्य स्थानकावर उतरून पुन्हां बसच्याच रांगेंत उभा राहतो. कोणास रुग्णालय गांठावयाचें असतें, कोणास न्यायालयांतील तारीख. त्यांची बस चौकांत अर्धा तास अडली, तर परतीची एस. टी. चुकते. रस्ता त्यांच्याही करांतून बांधलेला असतो; मोटार नाहीं म्हणून त्यावरील त्यांचा वांटा कमी होत नाहीं.