प्रसारण पत्ता, उपजालातील
प्रसारण पत्ता, उपजालातील : संगणक जालाच्या एका उपजालातील सर्व यंत्रांना एकच संदेश एकाच वेळी पोहोचावा म्हणून राखून ठेवलेला पत्ता. आयपी या संदेशवहनाच्या नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा (द्विमान अंकांचा) असतो. त्यांतील किती बिट उपजालाचे व किती यंत्राचे, हे मुखवटा नावाची संख्या ठरविते. यंत्राचे सर्व बिट १ केले म्हणजे प्रसारण पत्ता मिळतो. उदा., १९२.१६८.१०.२० या पत्त्यास २५५.२५५.२५५.१९२ हा मुखवटा असल्यास यंत्रांसाठी ६ बिट, म्हणजे ६४ पत्ते उरतात. त्यांपैकी १९२.१६८.१०.० हा उपजालाचा व १९२.१६८.१०.६३ हा प्रसारणाचा पत्ता होय. उरलेले ६२ यंत्रांना देता येतात.

दोषाचे स्वरूप : याच यंत्राला चुकून २५५.२५५.२५५.० हा मुखवटा दिल्यास ते १९२.१६८.१०.२५५ हा प्रसारण पत्ता मानते. त्याने त्या पत्त्यावर पाठविलेली पॅकेटे ईथरनेटवरून शेजारी यंत्रांपर्यंत जातात. परंतु तो पत्ता त्यांच्या लेखी प्रसारणाचा नसल्याने ती टाकून दिली जातात. एकास-एक व्यवहार मात्र सुरळीत चालतो. कारण शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता विचारणारी एआरपी ही पद्धत ईथरनेटचा स्वतंत्र प्रसारण पत्ता वापरते. त्यामुळे जोडणी निर्दोष भासते आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. शिवाय पुढील उपजालातील १९२.१६८.१०.७० हे यंत्र त्याला शेजारचेच वाटते व त्याच्याशी संपर्क सामान्यतः होत नाही.

१९८३ मधील ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीत प्रसारणासाठी यंत्राचे सर्व बिट ० धरीत. १९८४ मध्ये सर्व बिट १ हा संकेत ठरला व १९८५ मध्ये उपजालांची पद्धत प्रमाणित झाली. दोन्ही संकेतांची यंत्रे एकत्र आल्याने त्या काळी असेच दोष उद्‌भवत.

निदान : प्रथम यंत्राचा पत्ता, मुखवटा व प्रसारण पत्ता पाहून गणिताने पडताळतात आणि राउटरच्या त्याच बाजूच्या मुखवट्याशी ताडून पाहतात. नंतर पॅकेटे टिपून त्यांवरील गंतव्य पत्ता तपासतात. २५५.२५५.२५५.२५५ हा मर्यादित प्रसारण पत्ता मुखवट्यावर अवलंबून नसतो. त्यावर पाठविलेला संदेश स्वीकारला जातो, पण उपजालाच्या प्रसारण पत्त्यावरचा जात नाही, असे आढळल्यास मुखवट्याचा संशय बळावतो. प्रसारण पत्त्यावरील पिंगला उत्तर न येणे हा मात्र पुरावा नव्हे. अनेक प्रणाली अशा विचारणेकडे मुद्दाम दुर्लक्ष करतात.

दुसऱ्या उपजालाच्या प्रसारण पत्त्यावर पाठविलेले पॅकेट राउटरने अडविणे हाही दोष नव्हे. खोटा प्रेषक-पत्ता घालून अशा पॅकेटांद्वारे तिसऱ्याच यंत्रावर उत्तरांचा मारा करता येत असल्याने, १९९९ पासून ती पुढे न पाठविणे हीच प्रमाण रीत आहे. ही वाट खुली करण्यापेक्षा त्या सेवेपुरता मध्यस्थ नेमणे श्रेयस्कर. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत प्रसारण पत्ताच नाही. तेथे ठराविक गटांना उद्देशून संदेश पाठवितात.